रुग्णवाहिका बोलवायची, पण कोणती?

रात्री-अपरात्री येणारा दूरध्वनी हा सर्वसाधारण वैद्यकाच्या आयुष्याचा अविभाज्य भाग असतो. पलीकडचा आवाज घाबरलेला असतो, वाक्ये तुटक असतात आणि पहिल्या दोन-तीन वाक्यांनंतर एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टर, अॅम्ब्युलन्स बोलावू का?" पावशतकाहून अधिक काळ हा प्रश्न मी ऐकत आलो आहे. मात्र "कोणती बोलावू?" असे विचारणारे कुटुंबीय मला फार थोडे भेटले. पांढरे वाहन, वर फिरणारा दिवा आणि सायरन एवढे असले की ती रुग्णवाहिका आणि एक आली म्हणजे सर्व काही आले, अशी आपली समजूत असते. घरात वयस्कर माणूस असलेल्या प्रत्येक कुटुंबाने ही समजूत संकट येण्यापूर्वीच, शांत वेळी, तपासून पाहावी यासाठी हा लेख.

'रुग्णवाहिका' हा आपला शब्द अर्थवाही आहे. पण तो रुग्णाला वाहून नेण्याबद्दलच बोलतो. ज्या शब्दाला तो पर्याय म्हणून आला, त्या 'अॅम्ब्युलन्स'चे मूळ चालणे या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. फ्रान्समध्ये सैन्याबरोबर फिरणाऱ्या रुग्णालयाला, म्हणजे चालत्या रुग्णालयाला, त्यावरून नाव पडले. अठराव्या शतकाच्या अखेरीस दोमिनिक लारे या फ्रेंच शल्यविशारदाने युद्ध संपण्याची वाट न पाहता, लढाई चालू असतानाच जखमींना उचलून आणणाऱ्या हलक्या घोडागाड्या तयार केल्या. सपाट भूमीसाठी दोन चाकांची आणि डोंगराळ मुलखासाठी चार चाकांची गाडी त्याने निरनिराळी ठेवली होती. कोणत्या प्रसंगी कोणती गाडी, हा प्रश्न रुग्णवाहिकेइतकाच जुना आहे तो असा.

पुढचे मोठे वळण १९६० च्या दशकातले. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथे डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र, म्हणजे डिफिब्रिलेटर, रुग्णवाहिकेत बसवले. मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारे ते यंत्र सुमारे ७० किलो वजनाचे होते. हृदयविकाराचे अनेक रुग्ण रुग्णालयाच्या दारापर्यंत पोचण्यापूर्वीच दगावतात, तेव्हा उपचारानेच रुग्णाकडे जावे, हा त्यामागचा विचार. रुग्णाला उपचारापर्यंत नेणे आणि उपचार रुग्णापर्यंत आणणे, या दोन कल्पनांच्या दरम्यान आजची सगळी वाहने कुठे ना कुठे उभी आहेत.

चार प्रकार, चार कामे

आपल्या देशात रुग्णवाहिकेच्या रचनेसाठी 'ऑटोमोटिव्ह इंडस्ट्री स्टँडर्ड १२५' हे मानक आहे. त्यात चार प्रकार सांगितले आहेत. 'ए' प्रकार प्रथम मदत घेऊन पोचणाऱ्या लहान वाहनांचा. यात रुग्णाला नेणे अपेक्षित नसते. 'बी' प्रकार ज्यांची प्रकृती वाटेत अचानक बिघडण्याचा संभव नाही, अशा रुग्णांच्या साध्या ने-आणीचा. 'सी' प्रकार प्राथमिक जीवरक्षक सुविधांचा. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला 'बीएलएस' म्हणतात. 'डी' प्रकार प्रगत जीवरक्षक सुविधांचा, म्हणजे 'एएलएस'. सामान्य बोलण्यातली 'कार्डियाक अॅम्ब्युलन्स' किंवा 'आयसीयू अॅम्ब्युलन्स' बहुधा या चौथ्या प्रकाराला उद्देशून असते.

प्रथम मदतीचे उत्तम उदाहरण म्हणजे मोटारसायकल रुग्णवाहिका. मुंबईत २०१७ साली त्या सुरू झाल्या. गोव्यातही त्या आहेत. अरुंद गल्ली, वस्तीतील बोळ, वाहनांची कोंडी अशा ठिकाणी चारचाकी पोचण्याआधी एक प्रशिक्षित माणूस औषधे आणि प्राणवायूसह पोचतो. दमा वाढलेल्या किंवा रक्तातील साखर एकाएकी उतरलेल्या रुग्णाला याचा फार उपयोग होतो. दारात दुचाकी आलेली पाहून काही कुटुंबे नाराज होतात. "यावर आजोबांना कसे नेणार?" असे विचारतात. तिने न्यायचे नसतेच. मोठे वाहन येईपर्यंतची मिनिटे वाया जाऊ द्यायची नसतात.

साध्या ने-आणीच्या वाहनाबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मते आढळतात. काहींना ते कमी प्रतीचे वाटते, तर काहीजण तेच सर्व कामांसाठी पुरेसे मानतात. डायलिसिसला नियमित जाणारे, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी परतणारे, अर्धांगामुळे मोटारीत बसू न शकणारे अशा सर्वांसाठी हे वाहन योग्य आणि माफक खर्चाचे असते. पण यात अनेकदा लहान व्हॅनचा वापर होतो. तिचे छत बुटके, रुंदी बेताची. आत रुग्ण आडवा झाला की शेजारी बसलेल्याला ताठही होता येत नाही. अशा जागेत कोणी छातीवर दाब देऊन बंद पडलेले हृदय चालू ठेवू म्हटले, तर हात सरळ ठेवायलाही वाव मिळत नाही. वाहनाची उंची ही ऐषआरामाची बाब नाही, हे छातीवर दाब देण्याचे प्रात्यक्षिक एकदा जरी पाहिले तरी ध्यानात येते.

'बीएलएस' वाहनात प्राणवायू, घशातील स्राव ओढून घेणारे सक्शन यंत्र, रक्तदाब व रक्तातील प्राणवायू मोजण्याची साधने, मोडलेल्या हाडाला आधार देण्याच्या फळ्या आणि प्रशिक्षित मनुष्य असतो. 'एएलएस' वाहनात यांखेरीज हृदयाचा आलेख सतत दाखवणारा मॉनिटर, डिफिब्रिलेटर, कृत्रिम श्वासाचे व्हेंटिलेटर आणि ठरावीक गतीने औषध देणारे पंप असतात. दोहोंतला खरा फरक यंत्रांच्या यादीपेक्षा मोठा आहे. पहिले वाहन रुग्णाची स्थिती टिकवून धरते. दुसरे वाटेत स्थिती बिघडली तर तिला तोंड देऊ शकते. पण ते केवळ यंत्रांमुळे नव्हे. ती यंत्रे चालवणारा माणूस आत असेल तरच.

१०८ काय पाठवते

महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची आपत्कालीन सेवा सुरू झाली. आरंभीच्या योजनेत ९३७ वाहने होती. त्यांपैकी २३३ प्रगत आणि ७०४ प्राथमिक सुविधांची. म्हणजे एका 'एएलएस' वाहनामागे साधारण तीन 'बीएलएस'. आपल्या राज्याच्या या सेवेचे वैशिष्ट्य असे की वाहनात डॉक्टर असतो. सेवा विनामूल्य आहे.

यातून कुटुंबाने घ्यायचा बोध एकच. १०८ वर बोलताना कोणते वाहन पाठवायचे, हे पलीकडची व्यक्ती तुमच्या वर्णनावरून ठरवते. "बाबा फार सिरियस आहेत, लवकर या" या वाक्यातून तिला काहीच कळत नाही. "वय ७४, छातीत दाबल्यासारखे दुखते आहे, वीस मिनिटे झाली, दरदरून घाम आला आहे, शुद्धीवर आहेत" या वाक्यातून तिला बरेच कळते. भय वाटणे स्वाभाविक आहे. पण वय, मुख्य त्रास, केव्हापासून, शुद्ध आहे का आणि श्वास कसा आहे, या पाच गोष्टी सांगण्याची घरात एकदा तालीम करून ठेवावी. कोणत्या रुग्णालयात नेणार, हेही त्याच संभाषणात विचारावे. तुमच्या पसंतीच्या दूरच्या खासगी रुग्णालयात ते वाहन जाईलच असे गृहीत धरू नये. गर्भवती आणि तान्ह्या बाळांसाठी १०२ हा क्रमांक निराळा आहे.

बाहेरची अक्षरे आणि आतला ऐवज

काही वर्षांपूर्वी माझ्या एका वृद्ध रुग्णाला एका रुग्णालयातून मोठ्या शहरातील रुग्णालयात हलवायचे होते. न्यूमोनिया बळावला होता, कृत्रिम श्वास चालू होता. कुटुंबाने एका खासगी चालकाशी बोलून वाहन ठरवले. बाहेर मोठ्या लाल अक्षरांत 'आयसीयू ऑन व्हील्स' असे लिहिलेले. आत मॉनिटर होता, पण त्याची बॅटरी उतरलेली. तारेला लावला तरच चालणारा. व्हेंटिलेटर होता, पण तो चालवणारा कोणी नव्हता. सोबत होता तो मदतनीस स्ट्रेचर उचलण्यात तरबेज, तेवढेच. मी ते वाहन परत पाठवायला सांगितले. दुसरे येईपर्यंत पाऊण तास गेला आणि त्या पाऊण तासात रुग्णाची मुलगी मला वारंवार विचारत होती, "पण डॉक्टर, बाहेर तर सगळे लिहिले होते ना?"

तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. औषधाच्या वेष्टनावर जे छापलेले असते ते आत असते, असा आपला विश्वास असतो. तोच आपण वाहनावर ठेवतो. म्हणून खासगी रुग्णवाहिका ठरवताना दूरध्वनीवरच चार प्रश्न विचारावेत. मॉनिटर आणि डिफिब्रिलेटर बॅटरीवर चालतात का? सोबत कोण येणार, डॉक्टर, परिचारिका की केवळ मदतनीस? प्राणवायूची टाकी कोणत्या आकाराची आणि किती भरलेली आहे? एकूण किती पैसे, आणि परतीचे भाडे त्यात धरले आहे का? चांगली सेवा देणारा माणूस या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावतो, त्याच्या रागातच उत्तर मिळते.

प्राणवायूचा हिशेब तर प्रत्येकाने करायला शिकावा. लहान रुग्णवाहिकेत बहुधा असणाऱ्या 'बी' प्रकारच्या टाकीत, ती पूर्ण भरलेली असता, सुमारे १,५०० लिटर प्राणवायू असतो. मिनिटाला ५ लिटर लागत असेल तर तो ५ तास पुरेल. मिनिटाला १५ लिटर लागत असेल तर १०० मिनिटे, म्हणजे जेमतेम पावणेदोन तास. आता सातारा ते पुणे हे सुमारे ११० किलोमीटरचे अंतर घ्या. रस्ता मोकळा असेल तर टाकी पुरेल. खंबाटकी घाटात वाहने अडकली असतील तर? टाकी मुळातच अर्धी असेल तर? निघण्यापूर्वी टाकीवरचा काटा पाहायला दहा सेकंद लागतात. शिल्लक लिटरना मिनिटाच्या प्रवाहाने भागले की मिनिटे कळतात. प्रवासाच्या अपेक्षित वेळेच्या निदान दीडपट प्राणवायू सोबत हवा, असे मी नेहमी सांगतो.

स्वतःची मोटार की रुग्णवाहिका?

हा प्रश्न मला सर्वाधिक विचारला जातो आणि याचे एकच उत्तर नाही. छातीत दुखू लागल्यावर मुलाने वडिलांना मोटारीत घालून धाव घेणे, हे त्याच्या प्रेमाचे लक्षण आहे. पण वाटेत हृदय अकस्मात थांबले, तर गाडी चालवणारा मुलगा काय करणार? हृदय थांबल्यावर छातीवर दाब देणारे कोणी नसेल, तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. डिफिब्रिलेटर असलेल्या वाहनात तोच प्रसंग आला, तर वाचण्याची खरी संधी असते. म्हणून वाहन वाजवी वेळेत येणार असेल, तर त्याची वाट पाहणे श्रेयस्कर.

मात्र दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सुसज्ज रुग्णालय दहा मिनिटांवर आणि रुग्णवाहिका चाळीस मिनिटांवर असेल, तर हाताशी असलेली मोटारच योग्य. अशा वेळी चालवणाऱ्याखेरीज आणखी एका माणसाने मागे रुग्णाशेजारी बसावे आणि निघतानाच रुग्णालयाला कळवावे. पक्षाघाताची शंका असेल, म्हणजे तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, तर घड्याळ सर्वांत महत्त्वाचे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन लागतो. जर्मनीतील होम्बुर्ग येथे २००८ साली सीटी स्कॅनचे यंत्रच रुग्णवाहिकेत बसवून ते रुग्णाच्या दारी नेण्याचा प्रयोग झाला. भारतात आसाममध्ये अशी वाहने वापरली गेली आहेत. आपल्या दारी ते येईपर्यंत आपण सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच थेट जावे. जवळचे, पण स्कॅन नसलेले रुग्णालय अशा वेळी वाटेतला अडथळा ठरू शकते.

महाराष्ट्राच्या काही भागांत तर ही निवडच उपलब्ध नसते. सह्याद्री आणि सातपुड्यातील पाड्यांवरून आजही रुग्णाला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते. नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेच्या काठावरील वस्त्यांसाठी तरंगता दवाखाना चालवावा लागला. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे, पण रुग्णवाहिकेचा अपवाद करावा लागला. वाहनाचा प्रकार शेवटी भूगोल ठरवतो, याची जाणीव शहरी वाचकांनी ठेवलेली बरी.

जिना, लिफ्ट आणि दार

सर्वोत्तम वाहन खाली उभे आहे आणि रुग्ण तिसऱ्या मजल्यावर आहे, हे दृश्य जुन्या इमारतींत नेहमीचे. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही, जिन्याचे वळण अरुंद. आपल्या लिफ्टची खोली आजच मोजून पाहा. स्ट्रेचर मावत नसेल, तर हातांची भक्कम खुर्ची कोणती, ती धरायला कोण येतील, हे ठरवून ठेवा. धाप लागलेल्या रुग्णाला आडवे झोपवू नये, बसवूनच न्यावे. बेशुद्ध, पण श्वास चालू असलेल्या रुग्णाला कुशीवर वळवावे. पक्षाघाताच्या रुग्णाला पाणी, चहा किंवा गोळी काहीही तोंडावाटे देऊ नये. पडल्यामुळे खुब्याचे हाड मोडल्याची शंका असेल, तर घाईने उठवून बसवू नये. अशा रुग्णाला बहुधा मोठ्या यंत्रांची नव्हे, तर सावकाश उचलणाऱ्या चार हातांची गरज असते.

वाहन येत असताना एकाने रस्त्यावर उभे राहावे. रात्री असेल तर घराचे सर्व दिवे लावावेत. एका पिशवीत आधार कार्ड, विम्याची कागदपत्रे, सध्याच्या औषधांची यादी, कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे ती नोंद आणि जुना ईसीजी कायम ठेवलेला असावा. जुन्या ईसीजीचे मोल कुटुंबीयांना कळत नाही. नवा बदल कोणता आणि जुनाच कोणता, हे त्यावरून आम्हाला क्षणात समजते.

रस्त्यावरच्या इतरांसाठीही एक वाक्य. रुग्णवाहिकेच्या पुढील बाजूस अक्षरे उलटी लिहिलेली असतात, ती पुढच्या चालकाला आरशात सुलट वाचता यावीत म्हणून. ती वाचूनही वाट न देणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दंडाच्या भयाने नव्हे, तर उद्या त्या वाहनात आपले कोणी असेल या जाणिवेने वाट मिळावी, एवढीच अपेक्षा.

मोठे वाहन म्हणजे मोठे प्रेम नव्हे

गेल्या वर्षी एका ऐंशी वर्षांच्या शेतकरी आजोबांना शहरातील रुग्णालयातून गावी न्यायचे होते. कर्करोग शेवटच्या अवस्थेत होता. पुढील उपचार त्यांनी स्वतः, पूर्ण समजून, नाकारले होते. त्यांच्या सूनबाईंनी मला विचारले, "डॉक्टर, बाबांसाठी कार्डियाकच करू ना? पैशाचा प्रश्न नाही. लोक काय म्हणतील?" मी त्यांना विचारले की वाटेत हृदय थांबले, तर त्या यंत्राने ते पुन्हा चालू करावे असे बाबांना हवे आहे का? त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही. त्यांना फक्त घरी जायचे आहे."

साधे, पण मोठ्या खिडकीचे वाहन ठरले. प्राणवायूची एक भरलेली टाकी, वेदनाशामक औषध, पाठीखाली दोन उशा आणि शेजारी मुलगा. दुपारी मुलाने मला कळवले की गावाच्या अलीकडे बाबांनी गाडी थांबवायला लावली आणि उसाचा फड किती वाढला आहे, तो पाहून घेतला. त्या प्रवासाला कोणत्याही व्हेंटिलेटरची गरज नव्हती.

रुग्णवाहिकेची निवड म्हणजे उपलब्ध असलेली सर्वांत महागडी वस्तू घेणे नव्हे आणि पहिली हाती लागली ती घेणेही नव्हे. या रुग्णाला वाटेत काय होऊ शकते आणि तसे झाले तर आपल्याला काय करायचे आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या वाहनात असतील, ते त्याचे वाहन. पहिल्या प्रश्नासाठी आपल्या डॉक्टरांना विचारा. दुसऱ्यासाठी घरातील ज्येष्ठांनाच विचारा, ते बोलू शकतात तोवर. येत्या रविवारी जेवण झाल्यावर सगळे एकत्र बसलेले असतील, तेव्हा हा विषय काढा. १०८, जवळच्या दोन रुग्णालयांचे क्रमांक आणि एका खात्रीच्या खासगी रुग्णवाहिकेचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून दूरध्वनीजवळ किंवा फ्रीजवर चिकटवा. त्या कागदाची गरज कधीच पडू नये, ही सदिच्छा. पडलीच, तर तो शोधावा लागू नये.